सात सक सत्तर

गुरुजी, तुमच्या स्वयंपाकघरातल्या स्टोव्हचा आवाज मला आजही दहा स्टोव्हांतून ओळखता येईल. तुमच्या घराचा उंबरा मी कधी ओलांडला नाही, पण ती खोली मला पाठ आहे. स्टोव्ह फरफरतोय, मागे कुठेतरी माठावरचं झाकण वाजतंय, काकूंच्या बांगड्या परातीला लागतायत, आणि या सगळ्याच्या पुढे तुम्ही, टेपरेकॉर्डर तोंडाजवळ धरून, शाळेत बोलायचात त्याच्या निम्म्या आवाजात विचारताय, "पोरी, सात सक किती? सांग बघू." मग शांतता. त्या शांततेत फक्त स्टोव्ह. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली आणि तो स्टोव्ह माझ्या डोक्यात अजून विझलेला नाही.

आज लिहायला बसले त्याला कारण आहे. मी बी.एड. करतेय. चौतिसाव्या वर्षी, सांगलीच्या कॉलेजात, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान पोरींच्या मधे बसून. शेवटचं वर्ष आहे. मॅडमनी 'वर्गात तंत्रज्ञानाचा वापर : भावी शिक्षकाचे विचार' या विषयावर चार पानं लिहून आणायला सांगितलीत. पोरी म्हणाल्या, ताई, हा तर तुमच्या हातचा मळ. खोटं नाही ते. विट्यात कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये मी दहा वर्षं शिकवलंय, बिघडलेला प्रिंटर नुसत्या धाकानं सुरू करू शकते. मुलं रमतात, शिकणं आनंददायी होतं, वेळ वाचतो, हे सगळे मुद्दे मला झोपेतही सांगता येतील. शीर्षक लिहिलं, खाली पट्टीनं रेघ मारली, आणि पेन जे थांबलं ते थांबलंच. मग लक्षात आलं की मला हे मॅडमना सांगायचंच नाहीये. शिकवायला यंत्र वापरणारा मी पाहिलेला पहिला माणूस तुम्ही. तुमच्या त्या शिकवण्याला तर वर्गही नव्हता, घोडा होता.

आमचं गाव तुम्ही विसरला नसाल. विट्याच्या पूर्वेला, जिथे पाऊस नुसता ढग दाखवून पुढे जातो. दिवाळी झाली की आमची माणसं मेंढरं घेऊन पश्चिमेला निघायची. कुंडलच्या बाजूला ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसवायची, शेताला खत आणि आम्हाला धान्य. मग कऱ्हाड, पाटण, कोयनानगर, आणि घाट उतरून कोकण. परत यायचं ते जूनच्या तोंडाला. शाळेच्या पटावर माझं नाव असायचं, बाकावर मी नसायचे. चौथीत होते तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तुम्ही आमच्या दारात आलात. मी तुमच्या चपलांकडे बघत उभी होते, एका चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला होता.

"पोरगीला ठिवा माझ्याकडं," तुम्ही वडिलांना म्हणालात. "आमच्यात राहील, जेवंल, शाळा शिकंल."

"आन कोकरं कोन बघनार, गुरुजी?" वडील म्हणाले. रागानं नाही. खरोखरच विचारत होते.

तुम्ही अंगणात मांडलेल्या सामानाकडे बघत राहिलात. त्यात मामाचा टेप होता. मामा आमच्याकडच्या निम्म्या माणसांसारखाच दूर कुठेतरी दक्षिणेत सोनं गाळायच्या दुकानात कामाला होता, त्यानं तो वडिलांना गाणी ऐकायला आणला होता. "ह्यो चालतोय का?" तुम्ही विचारलंत. "चालतोय की. सेल घाटलं की लय मोठ्यांदा वाजतोय," आई म्हणाली. तुम्ही तो काखेत मारून घेऊन गेलात. दुसऱ्या दिवशी घोड्यावर बिऱ्हाड चढत असताना धापा टाकत आलात आणि टेपबरोबर एक कॅसेट माझ्या हातात दिलीत. वर तुमच्या अक्षरात लिहिलेलं होतं : चौथी, भूगोल, कविता, पाढे. "दोन्ही बाजू भरल्यात," तुम्ही म्हणालात. "मी इचारीन आन थांबीन. तवा तू उत्तर द्यायचं. मोठ्यांदा."

तो हिवाळा मला जागेपणी पाहिलेल्या स्वप्नासारखा आठवतो. मेंढरं पुढे, घंटा किणकिणतायत, धुळीत ऊन मिसळलंय, आणि घोड्याच्या पाठीवर, भांड्यांच्या आणि कोंबडीच्या मधून, तुमचा आवाज येतोय. कृष्णा कुठे उगम पावते, सांग बघू. मी चालता चालता ओरडून सांगते. मग तुम्ही म्हणता, "शाबास." वडील हसून वाटसरूंना सांगायचे, "आमचं गुरुजी घोड्यावर बसून आल्यात." सेल बसले की आई ते तापलेल्या दगडावर उन्हात ठेवायची, मग आणखी अर्धा दिवस तुम्ही बोलायचात. भूगोलात एका जागी तर मला उत्तर द्यायचं भानच राहायचं नाही. तिथे तुम्ही प्रश्न विचारून थांबता, आणि मागून काकू विचारतात, "आवं, च्या ठिऊ का?" आणि तुम्ही एकदम हळू आवाजात म्हणता, "थांब गं, ती उत्तर देतीय." अख्ख्या कॅसेटमध्ये मला तेवढंच हवं असायचं. कुणीतरी माझ्यासाठी चहा थांबवलाय, हे मी कोकरांनासुद्धा सांगितलं होतं.

आणि मग कोयनानगर. धरणाच्या वरच्या अंगाला आमचा तळ पडला होता. सकाळचं धुकं दुपारपर्यंत उठत नव्हतं, मेंढरं दहा पावलांवर दिसेनाशी व्हायची. टेप दगडावर लावून मी पाढे म्हणत होते. एकाएकी सगळी मेंढरं माना वर करून उभी राहिली, घंटा थांबल्या, आणि पायाखालून काहीतरी गुरगुरत गेलं. भांडी खणखणली. तिकडच्या माणसांना धरणीकंपाची सवय असते, आम्हाला कुठली? आई धाकट्याला उचलून पळाली, तिच्या मागे मी. जरा वेळानं सगळं निवांत झालं. धुक्यात आम्ही सगळे एकमेकांना धरून उभे आहोत, कुणी बोलत नाहीये, आणि पलीकडून, जिथे कुणीच नाही तिथून, तुमचा आवाज येतो. "सात सक किती? सांग बघू." शांतता. स्टोव्ह. "शाबास."

गुरुजी, त्या दिवशी मला तुमचा असा राग आला की काय सांगू. तिथे कुणी नव्हतं. कुणी उत्तर दिलं नव्हतं. तरी शाबास! म्हणजे इतके दिवस कुंडलपासून मी घसा फोडत होते ते काय? दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम म्हणाले, "सात सक सत्तर." तुम्ही म्हणालात, "शाबास." मी म्हणाले, "सात सक कोंबडी." शाबास. मी हसून हसून लोळले. मग तो खेळच झाला. बाकी उत्तरं रोज बदलायची, पण सत्तर माझ्या तोंडात बसलं, ठेक्यात चांगलं जायचं. आई ओरडायची, "गुरुजींची चेष्टा करतीस व्हय गं? तोंडात किडं पडतील!" आणि असं दहा-बारा दिवस चालल्यावर एका दुपारी मी कोकराला मीठ चाटवत गप्प बसले होते, टेप आपला चालू होता, आणि तुम्ही म्हणालात, "थांब गं, ती उत्तर देतीय." मी उत्तर देत नव्हते. मी ऐकतसुद्धा नव्हते. तिकडे तुमचा चहा थांबला होता. मला रडू कोसळलं. त्यानंतर मी एक उद्योग केला, तो शेवटी सांगते. आत्ता सांगितला तर पुढचं लिहिणार नाही.

जूनमध्ये गावी आले. तुम्ही वर्गाच्या दारातच विचारलंत, "कॅसेट कुठं हाय गं?" मी म्हणाले, "कऱ्हाडात नदीत पडली, गुरुजी." "पडली तर पडली. पाडं तर न्हाईत ना पडलं? म्हन सातचा." मी हात मागे बांधले आणि घोड्यामागे चालताना म्हणायचे त्याच ठेक्यात सुरू केलं, आणि बेधडक म्हणाले, "सात सक सत्तर." अख्खा वर्ग हसला. तुम्ही नाही हसलात. "टेपवर मी ह्याला शाबास म्हनलो आसंन," तुम्ही म्हणालात. मी मान हलवली. "आगं, ते यंत्र हाय. त्याला काय कळतंय? मला कळतंय. चुकलीस. परत म्हन." मी परत म्हणाले. परत चुकले, कारण जीभ ऐकेना. "चुकलीस. परत." त्या दिवशी तुम्ही मला मधली सुट्टी दिली नाहीत. सगळ्यांना वाटलं मी शिक्षेमुळे रडतेय. मला सहा महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझं उत्तर ऐकून बोलत होतं, आणि त्याचं मला किती बरं वाटत होतं, हे एवढ्याशा पोरीला कसं सांगता येणार?

एवढं सगळं शिकून मी काय केलं बघा. यंदा सरावासाठी मला विट्याजवळच्या एका गावची शाळा मिळाली. वर्गात भिंतीएवढा डिजिटल फळा आहे, बोट लावलं की चालतो. पाठाचं निरीक्षण करायला मॅडम येणार म्हणून मी सहावीसाठी अपूर्णांकांचा खेळ तयार केला. प्रश्न येतो, चार उत्तरं येतात, मूल बोट लावतं आणि एक हत्ती सोंड वर करून नाचतो. कुठल्याही उत्तराला नाचतो. चुकलं की पोरं हिरमुसतात आणि निरीक्षणाच्या दिवशी मला हिरमुसलेला वर्ग नको होता, म्हणून मीच तो तसा बसवला. बरोबर उत्तर पुढच्या पडद्यावर दिसायचं, पण तोवर कोण बघतंय? पाठ असा रंगला की मॅडमनी वहीत 'उत्कृष्ट' लिहिलं. मी फुगून वायर गुंडाळत होते, तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी जवळ आली. दोन वेण्या, एकीला रिबन, एकीला लोकरीचा दोरा. हळूच म्हणाली, "बाई, ह्यो हत्ती कायबी दाबलं तरी नाचतोय. मी सगळी चुकीचीच दाबली."

माझ्या हातातली वायर तशीच राहिली. मला धुकं दिसलं.

तिच्या घरची मेंढरं आहेत हे मला वर्गशिक्षकांनी सांगितलं. निवृत्तीला आलेले, चांगले आहेत, पण थकलेत. "दिवाळीनंतर जातीय ती. तिची थोरली बहीण गेल्या साली अशीच गेली. परत आली, पन वर्गात काय बसली न्हाई. आता तिचं लगीन ठरवत्यात. हिचंबी तेच हुनार, मॅडम. तुमी जीव लावून घिऊ नका." मी जीव लावून घेतला. दिवाळीच्या सुट्टीत तिच्या घरी गेले. अंगणात तसंच सामान मांडलेलं होतं, फक्त घोड्याच्या जागी टेम्पो. तिच्या वडिलांना म्हणाले, मुलीला वसतिगृहात ठेवता येईल, मी सगळं बघते. ते म्हणाले, "बाई, कोकरं कोन बघनार?" अगदी त्याच सुरात, गुरुजी. मला हसावं की रडावं कळेना. मुलगीच मधे पडली. "बाई, आप्पांच्या मोबाईलवर धडं पाठवशीला का? पन हत्ती नको."

विट्याच्या घरी मी स्वयंपाकघरातच बसून रेकॉर्डिंग केलं. दुसरी खोली रस्त्याला लागून आहे, तिथे गाड्यांचा आवाज येतो. तेव्हा कळलं तुम्ही काकूंच्या राज्यात का बसला होता. प्रश्न विचारला, "अर्धा आणि पाव मिळून किती?" आणि थांबायचं होतं. मला थांबताच येईना. तीनपर्यंत मोजलं की बोट आपोआप बटणाकडे जातं. रिकाम्या खोलीत, समोर नसलेल्या पोरीसाठी, ती विचार करेल एवढा वेळ गप्प बसणं किती अवघड आहे, हे कुठल्याही पुस्तकात नाही. पाचव्या खेपेला कुठे जमलं. डोळे मिटून ती मला दिसू लागली, लोकरीची वेणी चघळत विचार करताना, आणि नेमकी आई आत आली. "च्या ठिऊ का गं?" मी म्हणाले, "थांब आई, ती उत्तर देतीय." आईनं खोलीभर नजर फिरवली. "कोन उत्तर देतंय? हितं चिटपाखरू न्हाई." मग जर्मनचं पातेलं तसंच हातात धरून ती दारातच उभी राहिली. तिला काय आठवलं ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. शाबास मात्र मी कुठेच भरलं नाही. फक्त म्हणाले, तुझं उत्तर मला पाठव. मी ऐकीन, मग सांगीन.

मेंढरं गेली त्याला आज सतरा दिवस झाले. पहिले दोन दिवस नुसते "पोचलो बाई" असे निरोप आले, मग काहीच नाही. वर्गशिक्षक माझ्याकडे बघून मान हलवतात. कॉलेजात पोरी निबंध देऊन मोकळ्या झाल्या. मी रोज सकाळी उठून आधी मोबाईल बघते, मग देव. तिला कंटाळा आला असेल, रेंज नसेल, किंवा घरी लग्नाची बोलणी सुरू झाली असतील, असं सगळं मनात येऊन जातं. आज रविवार, आई देवळात गेलीय, मी ओट्याशी बसून तुम्हाला हे लिहितेय, आणि इथपर्यंत आले तेव्हा मोबाईल वाजला.

आलंय, गुरुजी. उत्तर आलंय. मी दोनदा ऐकलं. आधी वारा, मग घंटा, कुणीतरी मेंढरं हाकतंय, आणि मग ती, धापा टाकत. "बाई, आप्पांनी आज हिरीवरच्या मोटारीच्या खोलीत चार्जिंग केला. आमी पाटणच्या फुडं हाय. हितं टेकडावर चढलं की रेंज येतीया, मी पळत आले. अर्धा आन पाव म्हंजी... सव्वा. चुकलं आसंल तर चुकलं म्हना बाई. नाचू नका." मला इतका आनंद झाला की मी ओटा दोन वेळा पुसला. चुकलीय ती. सपशेल चुकलीय. मी बटण दाबून म्हणाले, "चुकलीस. घरी भाकरी झाली की एक मोड. आधी अर्धी घे, मग उरलेल्या अर्धीची अर्धी. किती झाली ते बघ आणि परत सांग. मी हितंच हाय." शेवटचं वाक्य तसंच निघून गेलं, बी.एड.च्या भाषेत नाही आलं. लगेच तिचं उलट आलं, "व्हय बाई, सांच्याला चढते परत." संध्याकाळी ती परत चढणार आहे. एवढंच आहे माझ्याकडे, पण वर्गशिक्षकांना उद्या मी हे ऐकवणार आहे.

ही पानं मॅडमना देता येणार नाहीत, त्यांच्यासाठी वेगळी चार लिहीन. तुम्हाला पाठवायला पत्ता नाही. तुम्ही गेल्याचं मला कळलं तेही दीड महिन्यानं, दहावीची परीक्षा देऊन मी कोकणात तळावर गेले होते तेव्हा. म्हणून मघाशी राहिलेलं आता सांगून टाकते. कॅसेट नदीत पडली नव्हती. तुमचा चहा थांबला होता ना, त्या दिवशी मी ठरवलं की तुमच्या शांततेत माझी उत्तरं भरायची, म्हणजे जूनमध्ये तुम्हाला ऐकू येतील. मामानं दाखवलं होतं तशी दोन बटणं एकदम दाबली आणि आठवतील तशी सगळी उत्तरं ओरडून सांगितली, मधे मधे थांबून, दोन्ही बाजू. मला वाटलं, तुमचा आवाज आधीच आत आहे, तो कुठे जाणार? दुसरी बाजू संपता संपता सेल बसले. नवे सेल मिळाल्यावर लावून बघितलं तर तुम्ही नव्हता. काकू नव्हत्या. "थांब गं" नव्हतं. नुसती मी, आणि मेंढरं. शेवटपर्यंत ऐकवलं नाही, मधेच बंद केलं.

गेल्या महिन्यात सांगलीतल्या एका जुन्या दुरुस्तीवाल्याकडून मी ती कॅसेट मोबाईलवर घेतली. त्यात शेवटी, सेल बसत आल्यामुळे चिमणीसारखा झालेला माझा आवाज आहे, मनापासून, बरोबर उत्तर देतेय अशा थाटात : सात सक सत्तर. मग खट् असा आवाज. आणि त्याच्या पुढे, माझ्या हातून पुसायचा राहिलेला एवढासा तुकडा. स्टोव्ह फरफरतोय, आणि तुम्ही म्हणताय, "शाबास." ते यंत्र आहे, त्याला काय कळतंय, हे तुम्हीच मला शिकवलंत. तरी आज सकाळपासून मी ते चार वेळा ऐकलंय, गुरुजी, आणि चारही वेळा मला खरं वाटलंय.